दुसऱ्या पोत्यातली साल

कुमुद,

काल कॉलेजात तुझी शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, कुमुदताई अतिशय मृदुभाषी होत्या, त्यांनी आयुष्यात कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारी आपले किसनराव होते, इतकी वर्षं तुझे उंदीर सांभाळणारे आणि माझी भांडी धुणारे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि मग आम्ही दोघांनीही पटकन माना खाली घातल्या. शोकसभेत हसू फुटलं असतं तर फार वाईट दिसलं असतं.

मृदुभाषी म्हणे. याच प्राचार्यांना तू भर मीटिंगमध्ये सांगितलं होतंस, "सर, उंदरांच्या खोलीतला पंखा तुमच्या केबिनमध्ये आलाय. तो परत द्या. उकाड्याने तुम्ही मरणार नाही, उंदीर मरतात." पंखा परत आला, पण पुढची दोन वर्षं आपल्या प्रत्येक मागणीच्या कागदावर त्यांची सही सगळ्यात शेवटी व्हायची. ते कागद घेऊन त्यांच्या दारात ताटकळायचं काम माझ्याकडे होतं. तू आपली उंदरांजवळ.

मलाही बोलायला सांगितलं. मी उठले, दोन वाक्यं बोलले आणि बसले. लोकांना वाटलं, हिला रडू आवरत नाही. तसं नव्हतं. मी तुझ्यावर इतकी चिडलेय की ते हॉलमध्ये माईकवर सांगण्यासारखं नाही. म्हणून आज दुपारी भांडुपला घरी, जेवणाच्या टेबलावर बसून हे लिहितेय. मी बोलताना तू मध्ये तोंड घालणार नाहीस, ही पहिलीच वेळ.

सभेत आणखी एक शोध लागला. तू हृदयाच्या संशोधनाकडे वळलीस ती म्हणे वडिलांच्या आजारपणामुळे. तुझे बाबा गिरणीतून निवृत्त होऊन गावी मालवणला गेले आणि शेवटपर्यंत विहिरीचं पाणी स्वतः शेंदत होते, हे त्या वक्त्याला कुणी सांगितलं नसावं. मी तुला एकदा विचारलं होतं, हृदयच का म्हणून. तू म्हणालीस, "मूत्रपिंडाच्या कामात जागा नव्हती गं. हृदयात होती."

आपली ओळखसुद्धा अशीच झाली. मुलुंडच्या त्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते. तू औषधशास्त्र विभागात नुकतीच रुजू झालेली, नावामागे डॉक्टर लागलेली. एका दुपारी तू झाकण ठेवलेलं स्टीलचं पातेलं घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आलीस. नमस्कार नाही, नाव नाही.

"तुम्ही रसायनवाल्या ना? मग यात काय काय आहे ते मला वेगळं करून द्या."

पातेल्यात अर्जुनाच्या सालीचा काढा होता. हृदयाच्या दुखण्यावर वैद्य मंडळी तो पिढ्यान्‌पिढ्या देत आलीत, एवढं मलाही माहीत होतं. मी विचारलं, "याने खरंच गुण येतो का?"

"सगळे सांगतात येतो म्हणून. बघितलंय कुणी?"

तेवढ्या एका प्रश्नावर तू मला माझ्या विभागातून उचललंस. संध्याकाळपर्यंत तू मला "अहो मॅडम"वरून "शाले"वर आणलं होतंस. माझं नाव शालिनी आहे आणि माझ्या आईनेही मला कधी शाले म्हटलं नव्हतं.

कामाची वाटणी सरळ होती. साल कुटायची, उकळायची, गाळायची, आटवायची आणि मग त्यातून एकेक घटक वेगळा काढायचा, हे माझं. ते अर्क पांढऱ्या उंदरांना महिनाभर पाजायचे, मग इंजेक्शन देऊन त्यांच्या हृदयाला इजा करायची आणि अर्क पाजलेल्यांचं हृदय बाकीच्यांपेक्षा कमी दुखावतं का ते बघायचं, हे तुझं. ऐकायला सोपं वाटतं. त्यात आपली तीन वर्षं गेली, आणि त्यातलं निम्मं भांडणात गेलं.

तुझं म्हणणं, आख्खा काढा तपासू. "झाडाने जे एकत्र ठेवलंय ते तू कशाला फोडत बसतेस?" माझं म्हणणं, नेमका कुठला घटक काम करतो हे कळल्याशिवाय त्याला औषध म्हणता येत नाही. तू म्हणायचीस, मी घड्याळ उघडून वेळ कुठे आहे ते शोधतेय. मी म्हणायचे, तू वैद्यबुवा आहेस, नुसता पांढरा कोट घातलास म्हणून काही होत नाही. हे सगळं डबा खाताना. तुझ्या डब्यातल्या सुक्या जवळ्याचा वास माझ्या सगळ्या बाटल्यांना लागायचा. मी तक्रार केली की माझ्या डब्यातली वांग्याची भाजी ओढून घ्यायचीस आणि वर सांगायचीस की मीठ कमी आहे.

पहिला निकाल आला तो दिवस मात्र मी विसरणार नाही. हृदयांचे पातळ काप काचपट्ट्यांवर बसवून तू सूक्ष्मदर्शकाशेजारी रांग लावली होतीस. कुठली पट्टी कुठल्या उंदराची, हे तू मला सांगितलं नाहीस. म्हणालीस, "तू लाव दोन ढीग. बिघडलेली इकडे, बरी तिकडे." मी एकेक पट्टी बघत गेले. काहींमध्ये तंतू तुटून विस्कटलेले, मधेमधे मेलेल्या पेशींचे डाग. काहींमध्ये तंतू जवळजवळ सरळ, एकाशेजारी एक. मी ढीग लावले. तू खिशातून यादी काढलीस आणि एकेक आकडा ताडून पाहिलास. बऱ्या ढिगातल्या दोन सोडून सगळ्या पट्ट्या अर्क पाजलेल्या उंदरांच्या होत्या.

तू स्टुलावर बसलीस. म्हणालीस, "झकास." मग चष्मा पुसलास आणि म्हणालीस, "आता परत करायचं."

मी पेढे आणायला निघाले होते. तू मला थांबवलंस, हाच निकाल परत आला की आणू म्हणालीस. सांग, अशा बाईबरोबर माणसाने आनंद करायचा तरी कधी?

बातमी मात्र फुटायची ती फुटलीच. तुझ्या आईने घाटकोपरच्या तुमच्या बिल्डिंगमध्ये कौतुकाने सांगितलं, माझ्या मुलीने हृदयाचं औषध शोधलं. वरच्या मजल्यावरच्या काकांना आदल्या वर्षी झटका येऊन गेला होता. त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या आणि बाजारातून साल आणून काढा प्यायला सुरुवात केली. तुला कळलं तेव्हा तू ऑफिसातून आलेल्या त्यांच्या मुलासमोर, सुनेसमोर त्यांना असं काही झापलंस की ते गृहस्थ महिनाभर जिन्यात तुला बघून मागे फिरायचे. गोळ्या मात्र पुन्हा चालू झाल्या. दुसऱ्या दिवशी तू मला म्हणालीस, "शाले, आपण उंदरांवर करतो आणि माणसं पितात. हे लक्षात ठेव." मी लक्षात ठेवायला हवं होतं.

आणि मग दुसरं पोतं आलं.

पहिल्या पोत्यातली साल संपली होती. त्याच दुकानदाराने, त्याच चिठ्ठीवर, कुटलेल्या सालीचं दुसरं पोतं पाठवलं. मी अर्क काढले, तू उंदरांना पाजलेस. महिन्याने काप बघितले तर अर्क पाजलेल्या आणि न पाजलेल्या उंदरांत काही फरक नाही. सगळीच हृदयं सारखी दुखावलेली. तू म्हणालीस, इंजेक्शनात माझी चूक झाली असेल. परत केलंस. परत तेच.

तोवर याच कामावरचा माझा पीएच.डी.चा प्रबंध टायपिंगला गेला होता. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण पहिल्या निकालावर उभं होतं. परिषदही तोंडावर आली होती. शहरातले मोठमोठे डॉक्टर येणार, एका औषध कंपनीचे लोक येणार. निबंध तू वाचायचा असं ठरलं होतं. आदल्या दिवशी मी तुला विचारलं, "दुसऱ्या वेळचं काय करायचं?" तू म्हणालीस, "बघू." मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने लावला.

तू व्यासपीठावर उभी राहिलीस. छान वाचलंस. टाळ्या वाजणार एवढ्यात हात वर केलास आणि म्हणालीस, "एक सांगायचं राहिलं. हाच प्रयोग आम्ही पुन्हा दोनदा केला. दोन्ही वेळा फायदा दिसला नाही. का, ते मला माहीत नाही. तोपर्यंत कृपया कुणी हे औषध समजू नये."

मी दुसऱ्या रांगेत होते, माझ्या मार्गदर्शकांच्या शेजारी. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. कंपनीचे लोक चहाच्या आधीच उठून गेले. टायपिस्टकडून प्रबंध परत आणावा लागला, आणि ते प्रकरण नव्याने करण्यात माझी पुढची दोन वर्षं गेली. तोवर माझी बढती माझ्यामागून आलेल्या एका गृहस्थांना मिळाली.

बाहेर पायऱ्यांवर मी तुला म्हटलं, "मला आधी सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू मला थांबवलं असतंस."

"थांबवलंच असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

यात काही चुकलं असं तुला वाटलंच नाही. मी खरं बोलण्यावर रागावले नव्हते, हे मी तुला शंभर वेळा सांगितलंय आणि तू शंभर वेळा खांदे उडवलेस. खरं सांग ना, जगाला सांग. पण तीन वर्षं जिच्याबरोबर एका टेबलावर जेवलीस तिला आदल्या दिवशी तरी सांग. हे भांडण आपलं मिटलेलं नाही. तू मेलीस म्हणून मी ते मिटवणारही नाही.

आठ महिने मी तुझ्याशी बोलले नाही. प्रयोगशाळा तीच, टेबलंही शेजारी शेजारी. मी किसनरावांना सांगायचे, "डॉक्टरबाईंना सांगा, गाळण कागद संपले." तू दोन हातांवर असायचीस. तू किसनरावांना सांगायचीस, "शालिनीबाईंना सांगा, कपाटात खालच्या खणात आहेत." बिचारे किसनराव मध्ये उभे राहून मान हलवायचे.

एका रविवारी सकाळी तू आमच्या दारात. दार विनायकने उघडलं. माझ्या नवऱ्याला तू कायम आवडायचीस, कारण तू मला गप्प करू शकायचीस. तुझ्या चपलांना चिखल, साडीच्या काठाला काटे, हातात वर्तमानपत्राची सुरळी. या टेबलावर, मी आत्ता जिथे लिहितेय तिथे, तू ती सुरळी उलगडलीस. आत सालीचे दोन तुकडे.

"हात लाव," म्हणालीस.

एक तुकडा गुळगुळीत, राखाडी-पांढरट, आतून गुलाबी. दुसरा काळपट, खोल भेगा पडलेला, मगरीच्या पाठीसारखा.

"पहिला अर्जुन. दुसरा ऐन. दोघं भाऊ भाऊ. आणि गंमत माहितीये? लोक दोन्हींना सादडा म्हणतात. एका गावचा माणूस सादडा म्हटलं की अर्जुन सोलतो, दुसऱ्या गावचा ऐन. कुटून पोत्यात भरल्यावर कोण ओळखणार? आपली वाट लागली ती एका नावाने."

दुकानदाराकडून तू साल आणणाऱ्या माणसाचा पत्ता काढलास, तो माणूस गाठलास, त्याच्याबरोबर ओढ्याकाठी जंगलात हिंडलीस, त्याला दोन्ही झाडं दाखवायला लावलीस आणि दोन्हींचे तुकडे आपल्या दोन पोत्यांतल्या चुऱ्याशी ताडून बघितलेस. हे सगळं एकटीने, आठ महिन्यांतल्या रविवारी. मला विचारलं असतंस तर मी आले नसते, हे खरं. पण विचारायचं तरी.

मी तुला पोहे दिले. तू म्हणालीस, मीठ कमी आहे. सोमवारपासून आपण कामाला लागलो.

नव्याने केलेला प्रयोग ठीक आला. पहिल्याइतका झकास नाही, पण आला. मग तू दुसरा निबंध लिहिलास, त्यात सालीची अदलाबदल कशी झाली ते सगळं सविस्तर मांडलंस. सही करायला माझ्यापुढे ठेवलास. त्यात एक वाक्य होतं: दोन्ही साली कुटलेल्या असल्यामुळे अर्क काढताना त्यांच्यातला फरक लक्षात आला नाही.

मी ते वाक्य वाचलं. दोनदा वाचलं. आणि सही केली.

आता ऐक. हे मी विनायकलाही सांगितलेलं नाही.

फरक माझ्या लक्षात आला होता. दुसऱ्या पोत्याचा पहिलाच काढा उकळायला लागला तेव्हा मला दिसलं होतं. अर्जुनाचा काढा विटकरी उतरतो, आपण तो शंभरदा बघितलेला. हा काळपट होता. तळाशी चिकट थर धरत होता. मी पळीने ढवळलं, थोडा वेळ बघत राहिले. वही समोर उघडी होती. प्रबंध टायपिंगला होता. मी स्वतःशी म्हटलं, पाणी वेगळं असेल, आच जास्त झाली असेल. आणि वहीत नेहमीचं वजन लिहिलं, नेहमीचं माप लिहिलं, रंगाचं काही लिहिलं नाही. त्या एका ओळीने तुझे दोन प्रयोग, तितके उंदीर, ती परिषद, ते आठ महिने, सगळं वाचलं असतं.

परिषदेच्या पायऱ्यांवर मी तुझ्यावर ओरडत होते तेव्हा मला हे माहीत होतं. आठ महिने किसनरावांकरवी बोलत होते तेव्हाही माहीत होतं. कधी कधी वाटतं, एवढा राग मी तेवढ्यासाठीच धरून ठेवला.

सांगायचं मनात यायचं. दर वेळी तू काहीतरी असं बोलायचीस की मी पुन्हा चिडायचे आणि तेवढ्यावर ते राहून जायचं. यातही निम्मा दोष तुझाच आहे असं मी सहा वर्षं धरून चालले.

गेल्या महिन्यात तुला कावीळ झाली. आधी तू ती कावीळ आहे हेच मानायला तयार नव्हतीस. डोळे हळदीसारखे पिवळे आणि बाई वर्गात शिकवतायत. मी तुला आरशासमोर उभं केलं. तू म्हणालीस, "इथला बल्बच पिवळा आहे." आठ दिवस वाया घालवलेस, कुमुद. जिने आयुष्यभर उंदरांच्या डोळ्यांचा रंग रोज सकाळी वहीत लिहिला, तिने स्वतःच्या डोळ्यांचा बल्बवर ढकलला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत यकृत हाताबाहेर गेलं होतं.

तुझी आई खाटेशेजारी पेज घेऊन बसायची. तू तोंड फिरवायचीस. मी दोन घोट घे म्हणून मागे लागले तर त्या म्हणाल्या, "ह्या चेडवान माजा कधी आयकल्यान नाय. तुजा काय आयकतला?" तेवढ्यावर तू पेज प्यायलीस, नुसती त्यांना खोटं पाडायला.

तुझं आपलं एकच, उंदरांचं काय. नवा प्रयोग चालू होता, अर्क पाजायला नुकतीच सुरुवात केलेली. मी सांगितलं, किसनराव पाजतायत, मी अर्क देतेय, तू गप्प पड.

त्या मंगळवारी दुपारी तुझी आई चहा घ्यायला खाली गेली होती. नर्स सलाईनची बाटली बदलत होती. तू डोळे मिटून होतीस, मला वाटलं झोप लागली. तशातच तू विचारलंस, "शाले, दुसऱ्या पोत्याचा काढा कसा दिसला होता गं तुला?"

सहा वर्षांत पहिल्यांदा. आणि विचारायची वेळ ही. नर्स उभी, तू पिवळी पडलेली, माझ्या हातात तुझ्या औषधांची पिशवी.

मी म्हटलं, "नेहमीसारखाच."

तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "बरं."

मला वाटलं होतं, तू घरी आलीस की सांगू. गुरुवारी पहाटे तू गेलीस.

तेव्हापासून मी त्या "बरं"चा कीस काढतेय. तुला ग्लानी होती का? सहज आठवलं म्हणून विचारलंस का? की तुला माहीत होतं?

काल सभा संपल्यावर मी किसनरावांबरोबर प्रयोगशाळेत गेले. जुन्या वह्यांच्या कपाटातून ती वही काढली, ते पान उघडलं आणि ओळीखाली कालची तारीख घालून लिहिलं की त्या दिवशी काढ्याचा रंग काळपट होता, मी पाहिला होता आणि नोंदवला नव्हता. खाली सही केली. तुझाच नियम, मागाहून काही लिहिलं तर साक्षीदार हवा, म्हणून वही किसनरावांपुढे ठेवली. काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवलं.

त्यांनी सही केली. मग पेनचं टोपण लावत म्हणाले, "हे तर डॉक्टरबाईंना माहीत होतं."

मी विचारलं, "कधीपासून?"

"तुमचं बोलणं बंद होतं ना, तेव्हा. त्यांनी मला विचारलं, किसनराव, भांडी घासताना काही वेगळं वाटलं का. मी म्हटलं, दुसऱ्या पोत्याची भांडी काळी व्हायची, नारळाची शेंडी लावून घासायला लागायची. लगेच पुढच्याच रविवारी त्या साल बघायला गेल्या."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुम्ही दोघी बोललाच असाल. आणि त्यांनी सांगितलं होतं, शालिनीबाईंना या भांड्यांबद्दल काही विचारू नका म्हणून."

मी स्टुलावर बसले. किसनरावांनी पाणी आणून दिलं.

म्हणजे भांडुपला माझ्या टेबलावर ती सुरळी उलगडलीस तेव्हा तुला माहीत होतं. भांडी काळी पडत होती म्हणजे काढा काळा होता, आणि काढा काळा होता तर तो उकळणारीला दिसलाच असणार, एवढं न कळणारी तू नव्हतीस. सगळं नावावर ढकललंस, गावांवर ढकललंस, माझे पोहे खाल्लेस. आणि मग ते वाक्य लिहिलंस. फरक लक्षात आला नाही. पंख्यासाठी प्राचार्यांना न सोडणारी, भर परिषदेत स्वतःचं काम पाडणारी तू. माझ्या माहितीत तू आयुष्यात लिहिलेलं हे एकच खोटं वाक्य, आणि ते तू माझ्यासाठी लिहिलंस.

कोणी सांगितलं होतं तुला? मी मागितलं होतं का? मला जपलंस, की मला ते सोसणार नाही असं धरून चाललीस? तू त्याच टेबलावर विचारलं असतंस तर मी आधी नाही म्हटलं असतं, मग तुला वाट्टेल ते बोलले असते, मग रडले असते, आणि सोमवारी आपण तसंच कामाला लागलो असतो. मला सहा वर्षं हे एकटीने वागवावं लागलं नसतं. तुलाही नसतं. व्यासपीठावर मला न विचारता खरं बोललीस आणि कागदावर मला न विचारता खोटं लिहिलंस. दोन्ही वेळा मी तिथेच होते गं, हाताच्या अंतरावर.

आणि तरीही खरं सांगू? काल रात्री मी सहा वर्षांत पहिल्यांदा शांत झोपले. याबद्दल तुझे आभार मानायचे की नाही ते ठरत नाहीये.

सकाळी निबंध छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. अमुक वाक्य चुकीचं आहे, फरक मला दिसला होता, नोंद न करण्याची जबाबदारी फक्त माझी. तुझ्याबद्दल त्यात एक अक्षर नाही, तुझं खोटं मी तुझ्यापाशीच ठेवलंय. मुलुंडच्या पोस्टात टाकून आले. छापतील की नाही कुणास ठाऊक. प्राचार्य बोलावतील ते नक्की. विभागप्रमुखपदासाठी माझं नाव पुढे होतं, ते आता मागे जाईल. विनायकला संध्याकाळी सांगेन. तो बहुतेक तुझीच बाजू घेईल.

पोस्टातून कॉलेजात गेले. उंदरांचे अजून पाच दिवस उरलेत. नंतरचं इंजेक्शन मला देता येत नाही, तुला माहीत आहे मी उंदीर हातातही धरत नाही. तुझ्या विद्यार्थिनीने ते करायचं कबूल केलंय. आख्खा काढा पाजलेले कुठले आणि माझा वेगळा केलेला घटक पाजलेले कुठले, ती यादी तुझ्या कपाटात कुलुपात आहे, आणि पट्ट्यांचे ढीग लागेपर्यंत मी ती बघणार नाही. तू जिंकलीस तर तसं लिहीन. कुरकुरत लिहीन, पण लिहीन.

आजचा काढा मी स्वतः उकळला. सालीचे तुकडे आधी बोटांनी चाचपून घेतले, गुळगुळीत होते. रंग विटकरी आला. वहीत लिहिला आहे.

शालिनी